अपघातात जीव वाचवणारं लष्करी विमानाचं आसन: आराखड्यापासून चाचणीपर्यंत

हेलिकॉप्टर सपाट पडलं, आग लागली नाही, केबिनही चेपली नाही, आणि तरीही आतला वैमानिक कमरेखाली लुळा पडला. अशा अपघातात दोष बहुतेक वेळा आसनाकडे जातो. छातीचा कणा संपून कंबरेचा सुरू होतो तिथले मणके उभ्या धक्क्यात दबून फुटतात. ज्या अपघातातून माणसाने चालत बाहेर यायला हवं, त्यात त्याला अपंगत्व येतं. हा लेख अशा आसनांच्या आराखड्याविषयी आहे. हेलिकॉप्टर, वाहतूक विमानं आणि हलकी लष्करी विमानं यांतली, म्हणजे जी माणसाला आसनासकट विमानाबाहेर फेकत नाहीत अशी आसनं इथे घेतली आहेत. लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटचं गणित वेगळं असतं.

या कामाची मुळं जुनी आहेत. अपघात-सुरक्षेचे अमेरिकी अभ्यासक ह्यू डीहेवन 1917 मध्ये वैमानिकाचं प्रशिक्षण घेत असताना झालेल्या अपघातातून वाचले. पुढे 1942 मध्ये त्यांनी 50 ते 150 फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस किती उंचीवरून पडला याच्याइतकंच तो किती अंतरात थांबला हेही महत्त्वाचं, हे त्यातून पुढे आलं. 10 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर रॉकेट स्लेडवर (रुळांवरून धावणाऱ्या रॉकेट गाडीवर) स्वतःला बांधून घेतलं, ताशी 632 मैलांचा वेग गाठला आणि थांबताना 46 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 46 पट) पेक्षा जास्त धक्का सोसला. नीट बांधलेलं शरीर समोरच्या दिशेचा मोठा धक्का सहन करतं, हे त्यांनी दाखवलं. कण्याच्या दिशेने मात्र शरीर फार कमकुवत आहे. आसनाच्या आराखड्यातला निम्मा झगडा याच एका वस्तुस्थितीशी असतो.

आधी अपघात ठरवा

"मजबूत आसन हवं" या वाक्यावर काम सुरू करू नका. किती वेगाने, कोणत्या दिशेने आणि कोणत्या पृष्ठभागावर पडणाऱ्या विमानातला माणूस वाचवायचा आहे, हे आकड्यांत लिहा. अमेरिकी लष्कराने 1974 च्या मिल-एसटीडी-1290 या मानकात हलक्या विमानांसाठी आणि हेलिकॉप्टरांसाठी सेकंदाला 42 फूट, म्हणजे 12.8 मीटर, हा उभा वेग धरला. ब्लॅक हॉक आणि अपाचे ही हेलिकॉप्टरं याच विचारातून घडली.

हा सगळा वेग आसनाने एकट्याने जिरवायचा नसतो. त्याच मानकानुसार लँडिंग गिअरने, म्हणजे चाकं आणि त्यांच्या आधारांनी, सेकंदाला 20 फुटांपर्यंतचा आघात केबिन जमिनीला न टेकू देता पेलायला हवा. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे 20 फुटांचा हिस्सा 42 फुटांच्या जेमतेम 23 टक्के भरतो. उरलेलं केबिनखालचा सांगाडा चेपून आणि आसन खाली सरकून जिरवावं लागतं. विमान पाण्यात किंवा दलदलीत पडलं तर चाकं जवळजवळ काहीच करत नाहीत. म्हणून चाकं कामाला आली नाहीत ही परिस्थितीही वेगळी तपासा. आसन, सांगाडा आणि गिअर यांचे गट एकाच टेबलाशी बसवणं ही पहिली पायरी आहे. प्रत्यक्षात ती सर्रास चुकते. सांगाड्याचं वजन कमी करणाऱ्याने काढून टाकलेले सेंटिमीटर आसनवाल्याच्या माथी येतात आणि त्याला ते उशिरा कळतं.

मग माणूस ठरवा

आसनात कोण बसणार? पूर्वीच्या मानकांत फक्त पुरुष वैमानिक धरले जात. आज तसं करता येणार नाही. चाचणीतल्या हायब्रिड-3 पुतळ्यांची वजनं नजरेसमोर ठेवा: लहान चणीची स्त्री सुमारे 49 किलो, मध्यम पुरुष 78 किलो, मोठ्या चणीचा पुरुष 101 किलो. त्यावर हेल्मेट, जॅकेट, चिलखत आणि शस्त्र यांचं वजन आहेच.

आसनावर सगळं वजन येत नाही. पाय जमिनीवर टेकलेले असतात, त्यामुळे शरीराच्या वजनाचा साधारण 80 टक्के भाग आसन पेलतं. याला परिणामी वजन म्हणू. हिशेबात पूर्ण वजन धरलं तर ऊर्जाशोषक (आघाताची ऊर्जा जिरवत आसनाला खाली सरकू देणारा भाग) जास्त कडक होतो, आणि तो कडकपणा थेट कण्यावर येतो.

दुखापतीची मर्यादा कशात मोजायची हेही आताच ठरवा. मार्टिन आइबँड यांनी 1959 मध्ये नासासाठी संकलित केलेले प्रवेग आणि कालावधीचे आलेख आजही पायाभूत मानले जातात. डायनॅमिक रिस्पॉन्स इंडेक्स कण्याला एक वस्तुमान, एक स्प्रिंग आणि एक डँपर (हालचाल मंदावणारा भाग) एवढ्यावर आणतो आणि त्यातून इजेची शक्यता काढतो. तिसरी आणि सध्या सर्वांत वापरातली पद्धत म्हणजे पुतळ्याच्या कमरेत बसवलेल्या लोड सेलवरचं, म्हणजे बळमापकावरचं, बळ. नागरी मानकांत त्याची मर्यादा 1500 पौंड, म्हणजे सुमारे 6.67 किलोन्यूटन आहे. मात्र लहान चणीच्या व्यक्तीचे मणके लहान असतात, ते कमी बळात फुटतात. एकच आकडा सगळ्यांना लावू नका, चणीनुसार मर्यादा बदला.

अंतराचा हिशेब: हा कागदावर स्वतः करा

आसनाने आघातात ठरलेल्या बळाला सुटून खाली सरकायचं, हे या आराखड्याचं मर्म. या सरकण्याला स्ट्रोक म्हणतात. अमेरिकी लष्करी विनिर्देशात मध्यम वजनाच्या माणसासाठी ऊर्जाशोषकाचं बळ 14.5 जी ला बांधलेलं आहे. त्यासाठी किती स्ट्रोक लागतो ते पाहू.

समजा केबिनच्या जमिनीवर त्रिकोणी आकाराचा धक्का येतो: शिखर 48 जी, एकूण वेगबदल सेकंदाला 12.8 मीटर. या धक्क्याचा कालावधी सुमारे 0.054 सेकंद येतो आणि तेवढ्यात केबिनची जमीन स्वतः अंदाजे 35 सेंटिमीटर सरकून थांबते. माणसावर आसनाचं बळ 14.5 जी असलं, तरी त्यातला 1 जी गुरुत्वाकर्षणाला तोलण्यात जातो, उरतात 13.5 जी. 12.8 चा वर्ग भागिले दोन भागिले 132, म्हणजे माणसाला थांबायला सुमारे 62 सेंटिमीटर हवेत. त्यातले 35 जमिनीने दिले. उरलेले 27 सेंटिमीटर आसनाने द्यायचे.

हा कच्चा हिशेब आहे. धक्का शून्यापासून चढत जातो, त्यामुळे सुरुवातीचे काही मिलिसेकंद आसन सुटतच नाही आणि माणूस पूर्ण क्षमतेने मंदावत नाही. तो काळ धरला तर गरज 32 सेंटिमीटरच्या आसपास जाते. लष्करी आसनांसाठी किमान 12 इंच, म्हणजे 30.5 सेंटिमीटर स्ट्रोक मागितला जातो, तो यामुळे. हा हिशेब हातानेच करायचा आग्रह मी धरतो. मॉडेलने दिलेला आकडा आपण वाकवायला तयार होतो, पण हाताने काढलेल्या 32 मधून पाच सेंटिमीटर कोणी मागितले तर त्याची किंमत लगेच समजते.

आता वजनाचा प्रश्न. ऊर्जाशोषक मध्यम पुरुषासाठी, म्हणजे 62 किलो परिणामी वजनासाठी, 14.5 जी ला लावला, तर त्याचं बळ सुमारे 8.8 किलोन्यूटन होतं. आसनाचं हलणारं वजन आणि अंगावरचं सामान बाजूला ठेवून पाहा. लहान चणीच्या स्त्रीचं परिणामी वजन 39 किलो. तिच्यावर तेच बळ 23 जी होऊन येतं आणि तिचं आसन कच्च्या हिशेबाने जेमतेम 3 सेंटिमीटर सरकतं. जागा शिल्लक असताना तिचा कणा मोडतो. मोठ्या पुरुषावर तेच बळ 11 जी च्या आसपास, म्हणजे सौम्य. पण त्याला 48 सेंटिमीटर लागतात, आणि 30 सेंटिमीटरवर त्याचं आसन तळाला आपटतं. या आपटण्यात शेवटचा धक्का इतका तीव्र असतो की स्ट्रोकचा सगळा फायदा पुसून जातो.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट आराखड्यात वारंवार निसटते. उंच माणूस डोळे योग्य रेषेत आणायला आसन खाली घेतो. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त स्ट्रोक हवा, त्याच्याकडे सर्वांत कमी उरतो. उपलब्ध स्ट्रोक मोजताना आसन सर्वांत खालच्या खाचेत ठेवूनच मोजा.

ऊर्जाशोषक निवडताना

शोषकाचं बळ पूर्ण स्ट्रोकभर शक्य तितकं सपाट राहायला हवं. स्प्रिंग इथे चालत नाही. ती ऊर्जा साठवते आणि माणसाला परत वर फेकते. धातू कायमचा वाकवून, उलटवून किंवा फाडून ऊर्जा संपवणं हा खात्रीचा मार्ग आहे.

मऊ अॅल्युमिनियमची नळी आतून बाहेर उलटवणारा शोषक वैमानिकांच्या आसनांत बराच वापरला गेला. सैनिकांच्या हलक्या आसनांत तार रुळांवरून वाकवत ओढणारा शोषक सोयीचा पडतो. तो स्वस्त आहे, हलका आहे आणि ओढीत काम करतो, म्हणून आसन छताला टांगता येतं. चुंबकीय द्रवाचे शोषक बळ क्षणाक्षणाला बदलू शकतात. त्यांना वीज, सेन्सर आणि नियंत्रण लागतं. माझ्या मते वीज गेली तरी सुरक्षित बळावर थांबणारी रचना दाखवल्याशिवाय त्यांना मान्यता देऊ नये.

वजनाच्या फरकावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे बदलत्या बळाचा शोषक. आसनाच्या बाजूला नॉब असतो, बसणारा आपलं वजन लावतो. अडचण माणसाच्या सवयीची आहे: मागच्याने लावलेलं वजन तसंच राहतं. नॉब डोळ्यांसमोर, हातमोजे घालून फिरेल असा आणि उड्डाणपूर्व तपासणी यादीत नावानिशी असायला हवा. खुणेवर वजन सामानासकट की सामानाशिवाय, तेही लिहा. वजन आपोआप मोजणारी रचना शक्य असेल तर ती उत्तम. दुसरा उपाय बळाचा आलेखच बदलण्याचा: सुरुवातीला छोटं शिखर, मग किंचित उतार, मग पठार. कण्याच्या स्वतःच्या स्प्रिंगसारख्या वागण्याचा फायदा घेऊन त्यात थोडक्या अंतरात जास्त ऊर्जा जिरवता येते.

आता मार्गदर्शक नळ्या. आसनाची बकेट, म्हणजे बसण्याचा खोलगट भाग, ज्या दोन खांबांवरून खाली घसरते तिथली बुशिंग (खांबांवर घसरणारी कडी) सरळ उभ्या चाचणीत सुरेख चालतात. खऱ्या अपघातात नाक खाली असतं, विमान एका बाजूला कललेलं असतं, बकेट पुढे खेचली जाते आणि बुशिंग तिरकी होऊन अडकतात. घर्षण वाढलं की कण्यावरचं बळ शोषकाच्या बळाहून कितीतरी जास्त होतं. बुशिंगमधलं उभं अंतर वाढवा, रुळांचा विचार करा, आणि एकत्रित दिशेच्या भाराखाली स्ट्रोक मोकळा होतो हे स्वतंत्रपणे सिद्ध करा. चिलखती बकेट जड असते, तिथे ही काळजी दुप्पट.

गादी

जाड, लुसलुशीत गादी लांब उड्डाणात सुखाची आणि आघातात घातक. आसन थांबायला लागतं तेव्हा माणूस अजून गादीत खाली बुडत असतो. तळाशी पोचेपर्यंत दोघांच्या वेगात फरक पडलेला असतो आणि मग तो कडक तळावर आपटतो. गादी पातळ ठेवा. वेगाने दाबल्यावर घट्ट होणारा आणि हळू दाबल्यावर आकार घेणारा फोम वापरा. बकेटचा तळच नितंबांच्या आकाराचा घडवला तर आराम बराचसा तिथूनच मिळतो. गादी बदलण्याचा निर्णय पुढे भांडारातल्या कोणीतरी घेणार आहे हे लक्षात ठेवा आणि "या गादीशिवाय दुसरी चालणार नाही" असं आसनावर ठळक छापा.

पट्टे

वैमानिकासाठी पाच टोकांचा हार्नेस: खांद्यावरचे दोन, कमरेचे दोन आणि मांड्यांमधला एक. कमरेचा पट्टा आडव्या रेषेशी 45 ते 55 अंशांत खाली जावा. तो जास्त आडवा झाला तर माणूस त्याखालून घसरतो आणि पट्टा ओटीपोटात रुततो. मांड्यांमधला पट्टा खांद्याच्या ओढीने कमरेचा पट्टा वर चढू देत नाही. खांद्याचे पट्टे पाठीमागे खांद्याच्या पातळीपासून किंवा किंचित वरून निघावेत. खालून निघाले तर त्यांची प्रत्येक ओढ कण्याला खाली दाबते, आणि तो कणाच वाचवण्यासाठी तर ही खटपट आहे.

हार्नेस आणि इनर्शिया रील (झटका बसताच पट्टा अडवणारी चकरी) बकेटलाच जोडा. रील मागच्या भिंतीला असेल तर आसन खाली जाताना पट्ट्याची लांबी आणि कोन बदलतो. नायलॉनपेक्षा पॉलिएस्टरची पट्टी कमी ताणते, म्हणून तीच घ्या. बकल एका हाताने, हातमोज्यांसकट आणि माणूस उलटा लटकलेला असतानाही सुटायला हवं. पाण्यात पडलेलं हेलिकॉप्टर बहुधा उलटतं, त्यामुळे लटकत्या भाराखालची ही चाचणी टाळू नका.

कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा डाव्या हाताचा दांडा) धरायला वैमानिक पुढे, डावीकडे वाकून बसतो. वाकलेल्या कण्यावर भार मणक्याच्या पुढच्या कडेवर एकवटतो. कंबरेला आधार, हाताला टेकण आणि कंट्रोलची जागा हे तिन्ही त्यामुळे सुरक्षिततेचे मुद्दे आहेत. इथे आराखडाकाराने कॉकपिटवाल्यांशी भांडावं.

जोडणी आणि आजूबाजूची जागा

अपघातात केबिनची जमीन सपाट राहत नाही. रुळावरचं एक टोक वर येतं, दुसरं पिळतं. म्हणून चाचणीत आघाताआधीच एका रुळाला 10 अंश वर-खाली आणि दुसऱ्याला 10 अंश पीळ देतात. पायांच्या सांध्यांत गोल बेअरिंग किंवा सहज वाकणारे भाग ठेवा. ठिसूळ ओतीव तुकडे तिथे वापरू नका. सैनिकांची आसनं छताला किंवा भिंतीला टांगली तर जमिनीच्या वेडेवाकडेपणाचा प्रश्न बराचसा मिटतो. मात्र मग छत तेवढं मजबूत लागतं, आणि आसनाखाली कोणी सामानाची पेटी सरकवली की स्ट्रोक संपला.

डोकं, हात आणि गुडघे कुठवर झेपावतात याचा आराखडा दोनदा काढा: आसन वर असताना आणि ते पूर्ण खाली बसल्यावर. बहुतेक जण पहिलाच काढतात. खाली गेलेल्या वैमानिकाचं डोकं ग्लेअरशील्डच्या (उपकरणांच्या पॅनेलवरच्या छज्जाच्या) कडेसमोर येऊ शकतं आणि नडग्या पॅनेलखाली अडकू शकतात. नाइट व्हिजन लावलेल्या हेल्मेटचं वजन मानेला पुढे ओढतं, तेही पुतळ्यावर लावूनच तपासा. जागा वाढवता येत नसेल तर एअरबॅगचा मार्ग आहे. अमेरिकी लष्कराने ब्लॅक हॉक आणि ओएच-58डी हेलिकॉप्टरांमध्ये कॉकपिट एअरबॅग बसवल्या होत्या.

सैनिकांच्या आसनांची दिशा हा जुना वाद. पाठ प्रवासाच्या दिशेला असलेलं आसन समोरच्या धक्क्यात सर्वांत चांगलं, कारण भार सगळ्या पाठीवर पसरतो. ब्रिटिश हवाई दलाची व्हीसी10 विमानं आणि अमेरिकेच्या सी-5 या मालवाहू विमानाचा वरचा प्रवासी कक्ष यांत अशी आसनं होती. बाजूला तोंड केलेली कापडी बाकं सर्वांत वाईट. मान आणि बरगड्या बाजूच्या धक्क्याला तयार नसतात. मालवाहू विमानात ती सोयीची आहेत म्हणून टिकली आहेत. नवीन विमानात ती घेण्याचं समर्थन मला करता येत नाही.

चाचणी

आधी संगणकावर पूर्ण विमानाचं नाही, तर आसन आणि माणूस एवढंच मॉडेल करा. एलएस-डायना किंवा मॅडिमो हे दोन्ही संगणक प्रोग्रॅम चालतात. शोषकाची वेगळी चाचणी करून मिळालेला बळ-अंतराचा आलेखच त्यात भरा, पुस्तकातला सपाट आलेख नको.

मग स्लेड किंवा ड्रॉप टॉवर (आसन उंचावरून सोडण्याचा मनोरा). तुलनेसाठी नागरी हेलिकॉप्टरांची अट: पहिली चाचणी सेकंदाला 30 फूट, मुख्यतः उभा धक्का, शिखर किमान 30 जी, तेही 0.031 सेकंदांच्या आत. दुसरी 42 फूट, मुख्यतः समोरून, 18.4 जी, 10 अंश बाजूला वळवून. पहिल्या चाचणीत कमरेचं बळ पाहतात. डोकं कुठे आपटत असेल तर एचआयसी, म्हणजे डोक्याच्या इजेचा निर्देशांक, 1000 च्या आत असावा लागतो. लष्करी चाचण्या याहून कठोर असतात.

आडव्या स्लेडवर आसन तिरकं बांधून उभा धक्का द्यायचा असेल तर एक खबरदारी घ्या. पुतळ्याचं वजन नेहमीच्या दिशेने गादीवर पडत नाही, म्हणून त्याला आधी 1 जी इतकं दाबून बसवावं लागतं. हे विसरलं की कमरेचं बळ फसवं येतं आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत. प्रत्येक चणीचा पुतळा वापरा. मध्यम पुतळ्यावर पास झालेलं आसन लहान आणि मोठ्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही, ते वर पाहिलंच.

चाचणीनंतर आलेखाआधी आसनाकडे जा. किती सरकलं ते टेपने मोजा. दोन्ही बाजूंचा स्ट्रोक सारखा आहे का? बुशिंगवर ओरखडे आहेत का? तळाला टेकल्याची खूण आहे का? पट्टा कुठे घासला? कमरेच्या आलेखात शेवटी उंच टोक दिसलं आणि तळाला खूण असली, तर स्ट्रोक कमी पडला. टोक सुरुवातीलाच असेल तर गादी किंवा अडकलेली बुशिंग शोधा.

सेवेत दिल्यानंतर

देखभाल पुस्तिकेत तीन गोष्टी हव्यातच: शोषकाला गंज लागलाय का हे पाहण्याची मुदत, हार्नेसचं आयुष्य, आणि कडक लँडिंगनंतर आसन किंचितही सरकलं असेल तर शोषक बदलण्याची सक्ती. त्यासाठी नळीवर मूळ जागेची रंगाची रेघ ओढून द्या, म्हणजे तंत्रज्ञाला एका नजरेत कळेल. आणि अपघात झालाच, तर तपास पथकाकडून प्रत्येक आसनाचा सरकलेला स्ट्रोक, नॉबवरचं वजन, बसलेल्याचं खरं वजन आणि त्याच्या मणक्यांचा एक्स-रे अहवाल या चार नोंदी एकत्र मागून घ्या. पुढच्या आसनाचा 14.5 हा आकडा तसाच ठेवायचा की बदलायचा, हे त्या नोंदींवरून ठरवता येतं.